पिशवीचा परलोक

माझ्या टेबलावर एक कॅरीबॅग पडली आहे. हिरवट रंगाची, हाताला पावडर लावल्यासारखी मऊ, नेहमीच्या पिशवीइतकी न सळसळणारी. तिच्यावर ठसठशीत इंग्रजी अक्षरांत छापलंय, ‘आय ॲम नॉट प्लास्टिक’. खाली पानाचं चित्र, ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, आयएस/आयएसओ १७०८८ हा मानकाचा क्रमांक आणि त्याहून बारीक अक्षरांत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा नंबर.

ही पिशवी किती किलो कांदे पेलेल, ते मला आत्ता भरून पाहता येईल. पण तिच्या अंगावर जे लिहिलंय ते तिच्या आयुष्याबद्दल नाहीच, मरणोत्तर गतीबद्दल आहे. घंटागाडीत गेल्यावर तिची माती होईल, असं ती सांगते. ते मी कधीही पाहणार नाही. दुकानदार पाहणार नाही, कारखानदारही नाही. मग जे आपल्याला दिसणारच नाही, त्याबद्दल कुणाच्या शब्दावर आणि कुठवर भरवसा ठेवायचा? आपल्या दर्शनकारांनी हा प्रश्न स्वर्गाच्या निमित्ताने शतकानुशतकं लढवला. तो कॅरीबॅगच्या निमित्ताने काढला म्हणून त्यांना राग आला असता असं मला वाटत नाही. माठ, कापड आणि अंधारात पडलेली दोरी यांवर त्यांनी आयुष्यं घालवली आहेत.

माझी सगळी नोकरी प्लास्टिक तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत गेली. वडील वाईचे, न्यायशास्त्र शिकवणारे. अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ आमच्या घरी पंचांगाच्या शेजारच्या खुंटीवर पिशवीत असे आणि संध्याकाळी ओसरीवर दोन-चार विद्यार्थी तो घोकत बसत. मला तो कुणी मुद्दाम शिकवला नाही. पाटपाणी करता करता कानावर पडला तेवढाच. नोकरीत असताना या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं मनातही आलं नव्हतं. निवृत्तीनंतर सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं काम अंगावर घेतलं तेव्हा मात्र वडिलांच्या पाठातले धूर आणि अग्नी रोज आठवायला लागले.

आधी तपासणी कशी होते ते सांगते, कारण ‘प्रमाणपत्र काय, पैसे दिले की मिळतं’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं आहे. काचेची नऊ भांडी घेतात. तीन भांड्यांत नुसतं मुरलेलं कंपोस्ट, तीन भांड्यांत कंपोस्ट आणि शुद्ध सेल्युलोज, उरलेल्या तिन्हींत कंपोस्ट आणि तपासायचं प्लास्टिक. भांडी अंधारात, ५८ अंश सेल्सिअसला. आत जाणारी हवा आधी कार्बन डायऑक्साइड काढून घेतलेली आणि ओलसर. आतले जिवाणू प्लास्टिक खायला लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो बाहेर येताना बेरियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यातून काढला, की ते नितळ पाणी दुधट होतं. उरलेलं बेरियम हायड्रॉक्साइड आम्लाने मोजायचं. थेंब थेंब सोडत राहायचं आणि गुलाबी रंग ज्या थेंबाला जातो तिथे हात थांबवायचा. नुसत्या कंपोस्टनेही वायू सोडलेला असतो, तो वजा करायचा. सेल्युलोजच्या भांड्यांत ४५ दिवसांत ७० टक्के विघटन झालं नाही, तर आपलं कंपोस्टच निकामी म्हणून सगळा प्रयोग रद्द. आणि प्लास्टिक उत्तीर्ण व्हायचं असेल, तर त्यातल्या कार्बनपैकी ९० टक्के जास्तीत जास्त १८० दिवसांत वायू होऊन बाहेर पडला पाहिजे. शंभर टक्क्यांची अट नाही, कारण काही कार्बन जिवाणूंच्या देहात जातो आणि तिथेच राहतो.

दुसरी परीक्षा गाळणीची. बारा आठवड्यांनंतर कंपोस्ट २ मिलिमीटरच्या गाळणीतून चाळायचं. वर राहिलेलं प्लास्टिक मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नको. मग त्या कंपोस्टमध्ये बी पेरून पाहायचं, उगवण आणि वाढ साध्या कंपोस्टच्या निदान ९० टक्के तरी आली पाहिजे. जड धातूंची मोजणी वेगळी.

गाळणी असताना वायू मोजायचा खटाटोप कशाला, असं नवीन मुलं विचारायची. त्याचं उत्तर ऑक्सो-डिग्रेडेबल नावाच्या प्लास्टिकने दिलं. साध्या पॉलिथिनमध्ये धातूंचे क्षार मिसळले की उन्हात ते ठिसूळ होतं आणि भुगा होऊन दिसेनासं होतं. गाळणीतून ते गेलं असतं. पण दिसत नाही म्हणजे नाही, असं नव्हे. भुगा म्हणून ते मातीत असतंच. नैयायिकांनी एखादी वस्तू नष्ट झाल्यावरचा अभाव हा अभावाचा वेगळा प्रकार म्हणून मोजला तो उगीच नाही. नुसतं न दिसणं आणि खरोखर नष्ट होणं यांतला फरक त्यांना जपायचा होता. युरोपीय संघाने जुलै २०२१पासून ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकवर बंदी घातली ती याच फरकापायी.

गौतमाच्या न्यायसूत्रांत शब्दाचे, म्हणजे भरवशाच्या माणसाच्या सांगण्याचे, दोन प्रकार सांगितलेत. ज्याचा अर्थ इथे दिसू शकतो तो एक आणि ज्याचा दिसू शकत नाही तो दुसरा. स्वर्गाबद्दलचं वाक्य दुसऱ्या प्रकारातलं. पिशवीबद्दलचं वाक्यही गिऱ्हाइकापुरतं त्यातच मोडतं. प्रयोगशाळेचं मोठेपण असं की तिने पिशवीचा परलोक काचेच्या भांड्यात आणून मोजला. श्रद्धेचा विषय होता तो डोळ्यांचा झाला. माझ्या नोकरीचा मला अभिमान आहे तो एवढ्यासाठी.

पण भांड्यात जे खरं ठरलं ते ५८ अंशांना खरं ठरलं. इथे ओसरीवरचा पाठ येतो. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियम पक्का. उलटा केला तर मात्र मोडतो. लोहाराने तापवलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. धूर यायला सर्पण ओलं लागतं. ‘अग्नी आहे म्हणून धूर आहे’ असं म्हणणाऱ्याने ओल्या सर्पणाची अट गिळून टाकलेली असते. या लपलेल्या अटीला न्यायात उपाधी म्हणतात आणि ज्यात ती सापडेल ते अनुमान बाद होतं. ‘ही पिशवी कंपोस्टेबल आहे म्हणून तिचं कंपोस्ट होईल’ हे अनुमान त्याच जातीचं आहे. त्यातलं ओलं सर्पण म्हणजे कित्येक आठवडे टिकणारी ५८ अंशांची ऊब, ओलावा, खेळती हवा आणि वेळच्या वेळी राशी पलटणारं कुणीतरी. म्हणजे चालता औद्योगिक कंपोस्ट प्रकल्प.

आमच्या सोसायटीच्या खड्ड्यात भाजीपाला ताजा असताना उष्णता बरी चढते, पण चार दिवसांत उतरते. लहान ढिगाला ऊब धरून ठेवता येत नाही, थंडीत तर नाहीच. या पिशव्यांमध्ये बहुधा पीएलए आणि पीबीएटी यांचं मिश्रण असतं. पीएलए मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून होतं, पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून. पीएलए साधारण ५५ ते ६० अंशांच्या आसपास सैल पडतं. त्याच्या खाली ते जिवाणूंना फारशी दाद देत नाही. घरच्या खतासाठी वेगळं प्रमाणपत्र असतं, २० ते ३० अंशांना आणि वर्षभराच्या मुदतीत तपासलेलं. पण त्या शिक्क्याचाही अनुभव ऐकण्यासारखा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटनमधल्या साध्या नागरिकांना घरच्या ढिगात असे पदार्थ घालून पाहायला सांगितलं. २०२२ साली निष्कर्ष छापून आला की घरगुती कंपोस्टिंगचं प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंपैकी ६० टक्के पूर्ण विरल्याच नाहीत. त्याआधी २०१९मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली एक पिशवी तीन वर्षं मातीत पुरून काढली, तर तिच्यात बाजार भरून नेता येत होता. त्याच अभ्यासातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत नाहीशी झाली, पण मातीत २७ महिन्यांनीही होतीच. सर्पण बदललं की धूर बदलतो.

गणपतीच्या दिवसांत पुलावर एक गृहस्थ निर्माल्याची पिशवी कठड्यावरच्या जाळीवरून नदीत टाकायच्या बेतात होते. निर्माल्यकलश दहा पावलांवर होता. मी हटकलं तर ते अगदी सौजन्याने म्हणाले, “काकू, ही विरघळणारी आहे. लिहिलंय बघा.” लिहिलेलं होतं ते खोटं नव्हतं. आणि नदीत ती पिशवी विरघळणार नव्हती. मग खोटं बोललं कोण?

माझ्या मते याचं सर्वांत नेमकं उत्तर ‘तर्कसंग्रहा’त आहे आणि ते वाक्याबद्दल आहे. वाक्यातून खरं ज्ञान व्हायचं तर तीन गोष्टी लागतात. शब्दांना एकमेकांची अपेक्षा हवी, अर्थ जुळायला हवा आणि शब्द एकमेकांच्या जवळ हवेत. आज सकाळी ‘गाय’ म्हटलं आणि प्रहराने ‘आण’ म्हटलं, तर गाय येत नाही. या जवळपणाला संनिधी म्हणतात. आता पिशवीकडे पाहा. ‘कंपोस्टेबल’ हा शब्द पुढच्या बाजूला, बोटभर उंच. ‘फक्त औद्योगिक कंपोस्टिंगमध्ये’ ही अट असलीच, तर शिवणीपाशी, मुंगीएवढी. सगळे शब्द हजर आहेत, वाक्य मात्र झालेलं नाही. आणि जे वाक्यच झालं नाही त्याला खरं म्हणायचा प्रश्न उरत नाही. निर्माल्यवाल्या गृहस्थांनी अर्धंच वाचलं असं मी म्हणणार नाही. त्यांना अर्धंच दिलं गेलं. ‘आय ॲम नॉट प्लास्टिक’ ही तर त्याच्याही पुढची गोष्ट. पीबीएटी प्लास्टिकच आहे, आमच्या मोजपट्टीने आणि कायद्यानेही.

कायद्याला हे कळत नाही असं नाही. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांनी कंपोस्टेबल पिशवी मानकाला उतरलेली हवी आणि तिच्यावर तसं लेबल हवं असं ठरवलं. साध्या पिशवीला पुढे १२० मायक्रॉन जाडीची अट आली, ती हिला लागू नाही. म्हणजे पातळ पिशवी विकायची असेल तर हा शब्द सोन्याच्या मोलाचा. मार्च २०२४च्या दुरुस्तीने मग अट लेबलवर आणली. कंपोस्टेबलवर ते औद्योगिक कंपोस्टिंगमध्येच होतं असं आणि बायोडिग्रेडेबलवर किती दिवसांत, कुठल्या वातावरणात, असं छापायचं. बायोडिग्रेडेबलच्या व्याख्येत मागे सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये हेही घातलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया तर २०१३पासून प्लास्टिकच्या वस्तूवर ‘बायोडिग्रेडेबल’ हा शब्दच छापू देत नाही. अट सांगता येत नसेल तर बोलूच नका, हा त्यातला न्याय मला पटतो.

दोष कुणाचा हे ठरवताना न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी केलेली आप्ताची व्याख्या उपयोगी पडते. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ते पुढे म्हणतात की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू. म्हणजे ऑस्ट्रियातल्या टीयूव्ही या संस्थेचा शिक्का असो किंवा आपल्या सिपेट या सरकारी संस्थेचा अहवाल, जात पाहायची नाही, जाणणं पाहायचं. या कसोटीवर प्रयोगशाळा आप्त आहे, पण तिच्याकडे आलेल्या नमुन्यापुरती आणि त्या जाडीपुरती. त्यापलीकडे बाजारात काय गेलं, हे ती पाहत नाही. पिशवी कुठल्या गावात, कुठल्या उकिरड्यावर जाणार, हे तर तिच्या कल्पनेतही नसतं. छापणाऱ्याला हे ठाऊक असतं. त्याचं जाणणं उसनं आहे आणि सांगण्याची इच्छा अर्धी आहे. म्हणून तो आप्त नव्हे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. एखादं ज्ञान खरं हे ठरतं कसं? कुमारिल भट्टांसारखे मीमांसक म्हणतात, ज्ञान मुळात खरंच धरावं, बाध, म्हणजे ते खोटं ठरवणारा अनुभव, येईल तेव्हा सोडावं. नैयायिक म्हणतात, नाही, ते बाहेरून पडताळून घ्यावं. पाणी दिसलं ते पाणीच होतं, हे प्यायल्यावर तहान भागली की कळतं. बाजारात आपण सगळे मीमांसक असतो. शिक्का पाहिला, विश्वास ठेवला, पिशवी घेतली. रोजच्या व्यवहाराला दुसरा इलाज नाही आणि एरवी ते चालतंही. दूध नासकं निघालं की बाध आपल्याच पातेल्यात येतो.

कचऱ्याच्या बाबतीत हा न्याय लंगडा पडतो. बाध येतो, पण आपल्याकडे येत नाही. तो आमच्या सोसायटीत खत चाळणाऱ्या मावशींकडे येतो. लोखंडी चाळणी त्या भिंतीला तिरपी टेकवतात, फावड्याने खत वर फेकतात, काळं खत जाळीतून खाली पडतं आणि वर हिरव्या पट्ट्या, पिशवीचे बंद, गाठी तशाच राहतात. त्या चिवट पट्ट्या हाताने वेचाव्या लागतात. “ताई, हिला विरघळणारी कोण म्हणतं त्याला एकदा इथं पाठवा,” त्या मला म्हणाल्या. बाध येतो तो कचरावेचकाकडे. त्याला साध्या पिशव्यांच्या ढिगातून ही वेगळी ओळखता येत नाही. ती पुनर्वापराच्या मालात गेली तर पुढे प्लास्टिकचा दाणा खराब होतो आणि भाव पडतो तो त्याचा. ओल्या कचऱ्यात गेली तर प्रकल्पावरचा माणूस तिला प्लास्टिक समजून बाजूला काढतो, कारण त्याच्याही हाताला फरक कळत नाही. विकत घेणाऱ्याच्या मनात मात्र पुण्याची नोंद बिल देतानाच झालेली असते आणि ती खोडायला कुणीही येत नाही.

एवढं सगळं पाहून मी या निष्कर्षाला आले आहे: परिणाम एकाला दिसत नाही आणि दुसऱ्याला भोगावा लागतो, तिथे शब्दाच्या खरेखोटेपणाची साक्ष भोगणाऱ्याकडूनच घेतली पाहिजे. विकत घेणाऱ्याचं समाधान हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेचा अहवाल पुरावा आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा चाळणीवर असतो. प्रमाणपत्राच्या पद्धतीत या दुसऱ्या साक्षीला आज जागाच नाही.

ही पिशवीच वाईट, असा याचा अर्थ कुणी काढू नये. इटलीत मिलान शहराने २०१२ला घरोघरचं खरकटं वेगळं गोळा करायला सुरुवात केली आणि २०१४पर्यंत सगळं शहर त्यात आणलं. तिथे कंपोस्टेबल पिशवी खरकटं बांधायला देतात, ती खरकट्यासकट प्रकल्पात जाते आणि प्रकल्प तिला घ्यायला तयार असतो. त्या आधी, २०११पासून, इटलीने न कुजणाऱ्या साध्या कॅरीबॅगवर बंदी घातलेली होती, त्यामुळे ओळखण्याचा गोंधळही कमी. म्हणजे ओलं सर्पण आधी रचलं आणि मग धुराबद्दल बोलले. तिथे तो शब्द खरा आहे. तीच पिशवी, तोच शिक्का, आमच्या गल्लीत खोटा आहे. सत्य वस्तूला चिकटलेलं नसतं, व्यवस्थेने ते निभावावं लागतं. आपण वस्तू आयात केली आणि व्यवस्था राहून गेली.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंती. मागणी पहिली, अट शब्दाइतक्याच मोठ्या अक्षरांत आणि त्याच ओळीत छापा, आणि मराठी मुलखात विकायचं असेल तर मराठीत छापा, कारण ज्यांच्या हातात ही पिशवी शेवटी येते त्यांना ते वाचता आलं पाहिजे. मागणी दुसरी, ज्या नगरपालिकेकडे या पिशव्या घेणारा प्रकल्प नाही, तिथे हा शब्द वापरून विक्रीच होऊ देऊ नका. विनंती तुम्हाला. पुढच्या वेळी दुकानदाराने ‘विरघळणारी आहे’ म्हणून पिशवी पुढे केली तर विचारा, ‘कुठे विरघळते? आपल्या गावात ती जागा कुठे आहे?’ जागा सांगता आली तर खुशाल घ्या. नाही सांगता आली, तर ती साधी प्लास्टिकची पिशवी आहे असं समजा आणि घरची कापडी पिशवी बरोबर ठेवा.